पोटावरचे केस गेले : अन्नाची ॲलर्जी की ताणातलं चाटणं?

मांजर उताणं पसरलं की लक्षात येतं. पोट आणि मांड्यांची आतली बाजू वस्तरा फिरवल्यासारखी साफ; कातडी मात्र गुलाबी, ना जखम ना खपली. खातंपितं नीट, खेळतंही. मग घरातच निदान होतं: सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाला घाबरलंय, किंवा दुसरं पिल्लू आणलं म्हणून रुसलंय. शेजारचं कुणी सांगतं, "ती खाण्याची पाकिटं बंद करा, ॲलर्जी आहे." दोन्ही शक्य आहे. नुसतं पोट बघून यातलं कुठलं खरं, हे जनावरांच्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

आधी केसाचं टोक बघा

केस गळतायत की चाटून तुटतायत, हा पहिला प्रश्न. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. तोच भाग पुन्हा पुन्हा चाटला की केस मधेच तुटतो. डॉक्टर टकलाच्या कडेचे चारदोन केस ओढून मायक्रोस्कोपखाली धरतात. टोक निमुळतं असेल तर केस गळतोय, तुटकं असेल तर जिभेचं काम. घरी उलट्या दिशेनं बोट फिरवलं तर तुटके केस दाढीच्या खुंटांसारखे टोचतात. "आम्ही त्याला चाटताना कधी पाहिलंच नाही," यावर विसंबू नका. बरीच मांजरं माणसं झोपल्यावर किंवा कपाटामागे जाऊन चाटतात. विष्ठेत केसांचा गुंता आणि वारंवार केसांच्या गोळ्यांची उलटी हे त्याचे पुरावे.

दोन गोष्टी इथेच बाजूला काढाव्या लागतात. कानावर, तोंडावर, पायावर खवले धरलेले गोल चट्टे आणि घरातल्या कुणाच्या हातावर गजकर्ण असेल, तर ते बुरशीचं प्रकरण आहे. आणि फक्त ओटीपोट चाटत मांजर सारखं लिटर ट्रेकडे पळत असेल, तर मूत्राशय दुखतंय. बोका जोर करतोय पण लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

मान बोलते, पोट बोलत नाही

अन्नाच्या ॲलर्जीत मुळात खाज असते. मांजर मागच्या पायानं डोकं, कानापुढचा भाग आणि मान खाजवतं. तिथे ओरखडे, बारीक पुरळ, कधी ओलसर लाल चट्टे दिसतात. काहींना सोबत उलट्या, पातळ शी, किंवा दिवसातून तीन-चार वेळा शी होते. उन्हाळा असो की पावसाळा, त्रास सारखाच.

ताणातून चाटणारं मांजर जीभ पोचते तिथेच चाटतं: पोट, मांड्या, कुशी, पुढचे पाय. मान त्याला चाटताच येत नाही. कातडी बहुधा निरोगी असते आणि सुरुवात एखाद्या घटनेपाशी जाऊन थांबते: घर बदललं, बाळ आलं, खिडकीबाहेर परका बोका बसायला लागला.

इथपर्यंत सोपं वाटतं, पण हे गणित एकाच बाजूनं चालतं. मानेवर ओरखडे असतील तर खाज आहे, हे नक्की. मात्र फक्त पोट साफ आणि कातडी स्वच्छ असेल, तर ताणच आहे असं सिद्ध होत नाही. ॲलर्जीची मांजरंही नेमकी अशीच दिसू शकतात. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ताणामुळे चाटतात असं समजलेली 21 मांजरं नीट तपासली गेली. 16 जणांना शारीरिक कारण निघालं, तिघांना दोन्ही, आणि केवळ ताण उरला तो दोघांना. शारीरिक कारणांत अन्नाचा त्रास सगळ्यांत पुढे होता. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी पिसवा, मग अन्न, मग हवेतल्या धूळ-परागकणांची ॲलर्जी, आणि शेवटी ताण. "टेन्शन" हे उत्तर सगळ्यांत स्वस्त, म्हणून सगळे तेच आधी उचलतात.

पिसवा दिसत नाहीत म्हणून नाहीत, असं नसतं. चाटणारं मांजर त्या गिळून टाकतं. पाठीवर, शेपटीच्या बुडाशी बारीक कंगवा फिरवा आणि निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. सोलापूरच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये पिसवांच्या अळ्या तग धरत नाहीत, पावसाळ्यात दमट हवा मिळाली की वाढतात. त्रास पावसाळ्यात उसळत असेल तर संशय आधी त्यांच्यावर घ्या. औषध घरातल्या सगळ्या मांजरांना, निदान तीन महिने न चुकता. कोषातल्या पिसवा उशिरा बाहेर येतात. मांजर ज्या चादरीवर झोपतं ती आठवड्याला गरम पाण्यात धुवा. त्या दिवशी नळाला पाणी यावं एवढंच. कुत्र्याचं स्पॉट-ऑन, म्हणजे कातडीवर थेंब टाकायचं पिसवांचं औषध, मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि त्यानं मांजराला झटके येऊन जीव जाऊ शकतो.

आठ आठवड्यांची परीक्षा

अन्नाची ॲलर्जी रक्त, केस किंवा लाळेच्या तपासणीतून खात्रीनं कळत नाही. एकच मार्ग आहे: पूर्वीचं सगळं बंद करून आठ आठवडे एकच अन्न. ॲलर्जी असेल तर तेवढ्या काळात दहातल्या नऊहून अधिक मांजरांना फरक पडतो. दोन आठवड्यांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडणं ही नेहमीची चूक.

सर्वांत भरवशाचं म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं हायड्रोलाइज्ड अन्न. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते ओळखू येत नाहीत. ते महाग पडतं. दुसरा पर्याय म्हणजे मांजरानं आजवर न खाल्लेलं मांस. आपल्याकडे चिकन, सुकट, उजनी धरणातला चिलापी मासा बहुतेकांच्या पोटात गेलेली असते, आणि ॲलर्जी देणाऱ्यांत गोमांस, मासे, चिकन हेच पुढे आहेत. उरतं बोकडाचं मटण, तेही ताटातले तुकडे कधी खाल्ले नसतील तरच. नुसतं उकडायचं; कांदा-लसूण तर मांजराला विषच. यात टॉरिन (मांजराला अन्नातून लागणारं अमिनो आम्ल) आणि कॅल्शियम पुरेसं नसतं, म्हणून पिल्लांना नको आणि मोठ्यांनाही डॉक्टरांना विचारूनच.

जुन्यात नवं मिसळत सात ते दहा दिवसांत बदल करा. मांजराला उपाशी ठेवून "भूक लागली की खाईल" हा प्रयोग करू नका. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं, विशेषतः मांजर जाड असेल तर, यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडतं.

"तीन वर्षं हेच खातंय, मग आत्ता कशी ॲलर्जी?" पूर्वी खाल्ल्याशिवाय ॲलर्जी होतच नाही, शरीर आधी ओळख करून घेतं, मग बिथरतं. ग्रेन-फ्री (धान्याविना) पाकीटही कामाचं नाही, त्यात तेच चिकन असतं. आणि दूध पिऊन जुलाब होणं ही बहुधा दुधातली साखर न पचण्याची तक्रार. तरी या काळात दूध बंदच.

परीक्षा बहुतेक वेळा ट्रीटपाशी मोडते. पाकिटावर ठळक "टूना", मागे बारीक अक्षरांत चिकन लिव्हर. क्रीमच्या नळ्या, केसांच्या गोळ्यांसाठीची पेस्ट, चवीची जंताची गोळी, मुलांच्या हाताला लागलेला रस्सा, हे सगळं खाणंच आहे. बक्षीस द्यायचंच तर त्याच अन्नाचे दाणे रोजच्या मापातून वेगळे काढा. दोन मांजरं असतील तर दोघांनाही तेच, नाहीतर वेगळ्या खोलीत वाढा. मांजर पेठेतल्या वाड्यात चार घरी जेवत असेल किंवा पाली-उंदीर मारत असेल, तर आठ आठवडे घरात कोंडल्याशिवाय निकाल मिळणार नाही. लांब मुदतीचं स्टेरॉइड इंजेक्शनही या काळात टाळावं. खाज थांबते आणि श्रेय अन्नाला जातं.

फरक पडला तरी काम अर्धंच झालं. जुनं अन्न मुद्दाम परत द्या. काही तासांपासून दोन आठवड्यांपर्यंत खाज परतली तर ॲलर्जी पक्की. ती शमल्यावर एकेक पदार्थ दोन आठवडे देऊन दोषी शोधा. मग निर्दोष प्रथिनाची ट्रीट खुशाल द्या, दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शात. चार किलोच्या घरातल्या मांजराला साधारण 200 कॅलरी लागतात, म्हणजे ट्रीटच्या वाट्याला 20.

आणि खरंच ताण असेल तर

वरचं सगळं कोरं निघालं तरच इथे यायचं. ओरडणं, नाकावर पाणी शिंपडणं यानं चाटणं वाढतं. लिटर ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त, खाण्याची भांडी वेगवेगळ्या कोपऱ्यांत, उंच जागा, लपायला खोकं, आणि रोज दोनदा दहा मिनिटं दोरीमागे पळवणं. बाहेरचा बोका दिसतो त्या काचेला खालून कागद चिकटवा. जानेवारीत दारूकामाच्या रात्री आतली खोली, बंद खिडक्या, पंखा चालू. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर फ्लुओक्सेटिनसारखं औषध वजनावर ठरवतात. परिणाम दिसायला काही आठवडे जातात. चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घालतात त्या शंकूच्या आकाराच्या पट्ट्यानं केस वाढतील, पण खाज किंवा भीती तशीच राहील.

कारण कुठलंही असो, केस भरायला दोन-तीन महिने लागतात. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवर, त्याच उजेडात पोटाचा फोटो काढून ठेवा.