कृष्णधवल छपाईची प्रिंटर-प्रोफाइल

एखादा प्रिंटर विशिष्ट शाईने विशिष्ट कागदावर राखाडी छटा किती गडद उमटवतो, हे मोजून केलेली संगणकीय फाइल. पडद्यावरच्या छटांचा कागदावरच्या छटांशी मेळ तिच्यामुळे बसतो. प्रोफाइलचा सर्वमान्य साचा १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने ठरवला. पण रंगीत छपाईची तयार प्रोफाइल कृष्णधवल चित्राला अपुरी पडते. निळी, किरमिजी, पिवळी शाई मिसळून साधलेला करडा रंग खिडकीपाशी ठीक दिसतो, ट्यूबलाइटखाली हिरवट किंवा जांभळट होतो. म्हणून या कामाला काळ्याच्या फिकट शायाही असलेला प्रिंटर घेतात; एप्सनच्या २००५ मधील के-थ्री शायांत काळ्याच्या तीन पायऱ्या होत्या.

आधी शाईची मर्यादा ठरवावी लागते. एका टप्प्यापुढे शाई वाढवली तरी काळेपणा वाढत नाही, कागद मात्र भिजतो. मग रंगव्यवस्थापन, म्हणजे संगणकाने आपोआप रंग जुळवण्याची सोय, बंद ठेवून ० ते १०० टक्के काळेपणाच्या, दर पाच टक्क्यांना एक, अशा २१ चौकोनांची पट्टी छापतात आणि ती पूर्ण वाळल्यावर स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाने प्रत्येक चौकोनाची उजळता मोजतात. निखळ काळे ०, शुभ्र १०० असे हे माप. मॅट कागदावरचा सर्वांत गडद काळा साधारण १६ पर्यंत, चकचकीत कागदावरचा ५ च्या आसपास उतरतो. कागदाच्या पांढऱ्यापासून या काळ्यापर्यंत उजळता समान पावलांनी उतरेल असा, कोणत्या छटेला किती शाई ते सांगणारा वक्र बसवला की प्रोफाइल तयार होते. रॉय हॅरिंग्टन यांचे क्वाडटोन रिप हे सॉफ्टवेअर यासाठी बरेच वापरले जाते.

कोकणात या मेहनतीचे मोल जांभा दगडाच्या चित्रांत कळते. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलेल्या कातळशिल्पांच्या, म्हणजे जांभ्याच्या सड्यांवर कोरलेल्या प्राचीन आकृत्यांच्या, रेषा उथळ आहेत. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यांत पडणारी सावली हेच त्यांचे चित्र. पावसात भिजलेला कातळ तर जवळजवळ काळाच. अशा वेळी सारा तपशील ८० ते ९५ टक्के काळेपणाच्या छटांत असतो. तिथे प्रोफाइल चुकली की बारसूच्या सड्यावरची आकृती नुसता डाग होऊन बसते. अशा छपाईला दस्तऐवज म्हणू नये.

किनाऱ्यावर दुसरी अडचण हवेची. छपाईच्या कागदाला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात इथे ती ८० च्या वर जाते. सुती कागद सादळतो, शाईचा ठिपका पसरतो, मधल्या छटा गडदावतात आणि पट्टी वाळायला वेळ लागतो. मे महिन्यात अचूक असलेली प्रोफाइल मृगाच्या सरींनंतर खोटी ठरू शकते. कागद सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवावा आणि लागेल तेवढाच बाहेर काढावा. त्यानंतरही पट्टीत फरक दिसला, तर पावसाळ्यासाठी वेगळी प्रोफाइल करणे उत्तम. प्रत्येक पट्टीच्या पाठीवर तारीख, कागदाचा लॉट आणि खोलीतली आर्द्रता पेन्सिलीने लिहावी. पुढल्या जूनमध्ये नवी पट्टी तिच्याशीच ताडून पाहायची असते.