माग काढणे (शोध व बचावकार्य)

हरवलेल्या माणसाने जमिनीवर, गवतात, ओढ्याच्या काठी नकळत सोडलेल्या खुणा वाचत त्याच्यापर्यंत, किंवा निदान तो कोणत्या दिशेने गेला या निष्कर्षापर्यंत, पोचण्याची विद्या. शिकारी, गुराखी आणि गावचे पहारेकरी यांच्याकडे ती फार पूर्वीपासून होती. शोध व बचावकार्याची शाखा म्हणून तिची परिभाषा, शिस्त आणि प्रशिक्षणाच्या पायऱ्या ठरल्या त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. श्वानपथकाचा वासावरून घेतलेला शोध हा वेगळा विषय असून तो या नोंदीत घेतलेला नाही.

शब्द. मराठी ‘माग’ हा प्राकृत ‘मग्ग’ व संस्कृत ‘मार्ग’ यांतून आला याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘मार्ग’च्या मुळाचा. एक मत तो शब्द ‘मृज्’ म्हणजे पुसणे, साफ करणे या धातूकडे नेते. मार्ग म्हणजे झाडून मोकळी केलेली वाट. दुसरे मत ‘शोधणे’ या अर्थाच्या धातूकडे बोट दाखवते. ‘मार्गण’ म्हणजे शोध हा शब्द त्याला आधार देतो. तिसऱ्या मताप्रमाणे मूळ ‘मृग’ हेच. वैदिक भाषेत मृग म्हणजे केवळ हरीण नव्हे, तर कोणतेही रानटी जनावर (‘मृगेंद्र’ या शब्दात तो अर्थ अजून शिल्लक आहे), आणि मार्ग म्हणजे त्या जनावराची रानातली वाट. शोध, शिकार आणि वाट हे तिन्ही अर्थ एकत्र बांधणारे हे तिसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. रुळलेला रस्ता नंतरचा, पाऊलवाट आधीची. मराठीने संस्कृत ‘मार्ग’ रस्त्यासाठी ठेवला आणि घासून गुळगुळीत झालेला ‘माग’ मात्र पाठलागासाठी राखला. ‘मागावर असणे’, ‘माग लागणे’, ‘मागमूस नसणे’ या प्रयोगांत रस्ता कुठेच नाही. माग काढणाऱ्याला गुजरातीत ‘पागी’ (पग म्हणजे पाऊल) आणि पंजाब-सिंधकडे ‘खोजी’ म्हणतात. मराठी बचावपथकांत हल्ली सरसकट ‘ट्रॅकर’ हाच शब्द ऐकू येतो.

पूर्वेतिहास. पावलांच्या मागाला कायद्यात स्थान दिल्याचा भारतातील एक जुना व स्पष्ट उल्लेख याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात, चोरीच्या प्रकरणात आहे : ‘स्वसीम्नि दद्याद् ग्रामस्तु पदं वा यत्र गच्छति’. चोरी ज्या गावाच्या शिवेत झाली त्या गावाने, किंवा चोराचे पाऊल ज्या गावात शिरले त्या गावाने, भरपाई द्यावी. गुन्हा गावापासून कोसभर लांब घडला असेल तर भोवतालच्या पाच किंवा दहा गावांनी मिळून द्यावी. स्मृतीचा काळ निश्चित नाही. पां. वा. काणे यांनी तो इ. स. पू. १०० ते इ. स. ३०० असा धरला होता. अलीकडच्या अभ्यासकांचा कल गुप्तकाळाकडे आहे आणि तो जास्त ग्राह्य वाटतो. मात्र नियम लेखनात आला त्याच्या बऱ्याच आधीपासून रूढीत असावा. माग वाचणारी माणसे गावोगाव असल्याखेरीज असा नियम चालूच शकत नाही.

दख्खनेत ही रीत पेशवाईअखेरपर्यंत जिवंत होती. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल दिला, त्यात गावच्या पहारेकऱ्याचे काम असे सांगितले आहे : चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचे आणि तिथे तो शेजारच्या गावच्या पहारेकऱ्याच्या हवाली करायचा. अशा रीतीने माग गावागणिक पुढे सरके आणि ज्या गावात तो हरवे त्या गावावर जबाबदारी येई. हे काम बहुधा रामोशी, भिल्ल, कोळी यांच्याकडे असे. पुढे १८७२ च्या पंजाब लॉज ॲक्टने मागाची हीच रूढी इंग्रजी कायद्यात बसवली. न्यायालये मात्र सावध राहिली. प्रीतमसिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९५६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पावलांच्या ठशांवरून ओळख पटवण्याचे शास्त्र अजून प्राथमिक अवस्थेत आहे, त्यावर फार भिस्त ठेवता येणार नाही, पण इतर पुराव्याला जोड म्हणून माग विचारात घेता येईल, असे म्हटले. बचावपथकांनी ठशाकडे कसे पाहावे, यालाही हे मत जसेच्या तसे लागू पडते.

हरवलेल्यांच्या शोधात, चोरांच्या नव्हे, मागाचा उपयोग झाल्याचे सर्वांत गाजलेले जुने उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. ऑगस्ट १८६४ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात नॅटिमकजवळच्या झुडपी रानात तीन लहान भावंडे हरवली. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी कित्येक दिवस रान पालथे घातले, पण उपयोग झाला नाही. मग तीन आदिवासी मागकाढ्यांना बोलावण्यात आले आणि नवव्या दिवशी मुले जिवंत सापडली. या तिघांपैकी एक जुंगुनजिनानुक ऊर्फ डिक-अ-डिक हा १८६८ मध्ये इंग्लंडचा दौरा करणाऱ्या आदिवासी क्रिकेट संघातला खेळाडू, असे सामान्यतः मानले जाते. सामन्यानंतर हातात अरुंद ढाल घेऊन तो प्रेक्षकांना अंगावर चेंडू फेकण्याचे आव्हान देत असे, म्हणून क्रिकेटच्या इतिहासात त्याचे नाव राहिले. मागकाढ्या म्हणून आठवण त्या मानाने पुसट झाली.

पद्धतीची जडणघडण. आज शिकवली जाते ती ‘स्टेप-बाय-स्टेप’ पद्धत अमेरिकेच्या सीमा गस्ती दलातून (स्थापना १९२४) आली. मेक्सिकोच्या सीमेलगतचे मातीचे रस्ते गाडीमागे टायर ओढून गुळगुळीत करायचे आणि पुढच्या फेरीला त्यावर नवा ठसा उमटला आहे का ते पाहायचे, ही तिथली नित्याची रीत. या आडव्या शोधाला ‘साइन कटिंग’ म्हणतात. पद्धतीचे जनकत्व काही जण ॲब टेलर यांना देतात, तर काही जॅक किर्नी यांना. दोघेही दक्षिण कॅलिफोर्नियात याच दलात काम केलेले. रीत दलात आधीपासून होती आणि या दोघांनी तिला शिकवण्याजोगा आकार दिला, असे मानणे अधिक सयुक्तिक. अपाची या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या वाटाड्यांकडून ती थेट आली, या लोकप्रिय समजाला फारसा आधार दिसत नाही.

फेब्रुवारी १९८१ मध्ये पालोमार पर्वतावर नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला आणि चौथ्या दिवशी मृतावस्थेत सापडला. त्या शोधात टेलर होते. त्यातून ‘हग-अ-ट्री’ हा मुलांसाठीचा उपक्रम निघाला : हरवलास तर एका झाडापाशी थांबून राहा. त्यातलीच एक सूचना पालकांसाठी आहे. दुमडलेल्या टॉवेलवर ॲल्युमिनियमची फॉइल पसरायची, मुलाला बूट घालून तिच्यावर पाय द्यायला सांगायचे आणि त्यावर नाव लिहून ती जपून ठेवायची. तळव्याची नक्षी, झिजलेली टाच, रुतलेला खडा हे सगळे त्या फॉइलवर उमटते. शोधपथकाला याहून स्वस्त आणि उपयोगी कागद घरातून क्वचितच मिळतो.

कार्यपद्धती. पूर्ण ठसा मिळणे दुर्मीळ. ट्रॅकर ज्यावर चालतो त्या खुणा म्हणजे टाचेची अर्धवट कड, चवड्याने मागे ढकललेली माती, चेचलेले पान, गवताचे एकाच दिशेला वळलेले पाते, कातळावर चिकटून आलेला चिखल. उलटलेला दगड पाहावा : जमिनीकडची ओली, काळपट बाजू वर आलेली असते आणि शेजारी त्याची रिकामी खोबण दिसते. ऊन लागले की काळपटपणा उडतो, म्हणून तोच दगड वेळेचाही अंदाज देतो.

उजेड सर्वांत महत्त्वाचा. खूण नेहमी आपल्या आणि उजेडाच्या मध्ये ठेवायची, म्हणजे खळग्यांच्या सावल्या आपल्याकडे पडतात. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तम, भर दुपार वाईट. रात्री टॉर्च जमिनीलगत आडवी धरली तर दुपारी न दिसलेला ठसाही उठून दिसतो, त्यामुळे अंधार पडला म्हणून मागाचे काम थांबवण्याचे कारण नसते.

हत्यार एकच : सुमारे मीटरभर लांबीची काठी आणि तिच्यावर सरकणाऱ्या दोन रबरी कड्या. एका कडीने पावलाची लांबी आणि दुसरीने दोन पावलांमधले अंतर धरायचे. शेवटच्या ठशावर काठी टेकवून पुढच्या टोकाने कमान फिरवली की पुढचे पाऊल कुठे पडले असेल ती ओंजळभर जागा नेमकी होते. खूण तिथेच शोधायची, बाकी रान पाहायचे नाही. पथक तिघांचे असते. एक जण मागावर आणि दोघे किंचित मागे दोन्ही बाजूंना, वळण सुटू नये म्हणून. मधल्याचे डोळे थकतात, तेव्हा जागा बदलतात. नियम कडक : शेवटच्या खात्रीच्या ठशापलीकडे पाय टाकायचा नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, की ही पद्धत फार सावकाश चालते. दक्षिण आफ्रिकेतील लुई लिबेनबर्ग यांनी कलाहारीतल्या सॅन या आदिवासी शिकाऱ्यांच्या अभ्यासातून माग काढण्याचे साधे, पद्धतशीर आणि तर्काधारित असे प्रकार केले. तर्काधारित प्रकारात ट्रॅकर जनावराच्या मनात शिरून पुढचा अंदाज बांधतो, थेट तिथे जातो आणि माग पुन्हा पकडतो. बचावकार्यात दोन्हींची सांगड घालतात : एक पथक पावलागणिक चालते, दुसरे पुढे जाऊन ओढा, बैलगाडीची वाट, रेताड पात्र अशा ठसे धरून ठेवणाऱ्या जागा आडव्या तपासते. पुढे तोच ठसा सापडला की मधले अंतर चालायचे वाचते.

शिवाय सावकाशपणाचा आक्षेप मागाचे खरे काम काय, हेच चुकीचे धरतो. ताशी ३ किमी चालणारा माणूस ४ तासांत १२ किमी जाऊ शकतो. म्हणजे सगळ्या दिशा धरल्या तर शोधाचे क्षेत्र सुमारे ४५० चौ. किमी होते. वीस-पंचवीस सलग पावलांवरून दिशा ४५ अंशांच्या पाचरीत बसवता आली, तर तेच क्षेत्र सुमारे ५६ चौ. किमीवर येते. माणूस कुठेही वळू शकतो हे खरे. तरी बाकीची पथके आधी कुठे लावायची, हे यावरून ठरते. ट्रॅकर स्वतः त्या माणसापर्यंत पोचला नाही तरी त्याचे काम झालेले असते. एका किलोमीटरमध्ये माणूस साधारण १,३०० वेळा पाय टेकतो, तेव्हा खुणा कमी नसतात. अडचण असते ती त्यांवरून आधीच गेलेल्या मदतकर्त्यांच्या बुटांची. म्हणून माणूस शेवटचा दिसला ती जागा फीत लावून राखावी, सर्व शोधकर्त्यांच्या तळव्यांचे ठसे नोंदवावेत आणि ट्रॅकरला शेवटी नव्हे, आधी बोलवावे, असा दंडक आहे.

प्रशिक्षणाच्या पायऱ्या. जगभर चालणारे एकच प्रमाणपत्र नाही. पायऱ्यांची नावे आणि तास संस्थेगणिक बदलतात, पण कामाच्या दृष्टीने उतरंड बरीचशी सारखी आहे. पहिली पायरी प्रत्येक शोधकर्त्यासाठी असते. तिच्यात माग काढायला शिकवत नाहीत; खूण ओळखणे, ती न तुडवणे आणि कळवणे एवढेच. दुसरी पायरी पथकातल्या सदस्याची : काठी वापरणे, बाजू सांभाळणे आणि ठशाची नोंद करणे. नोंद म्हणजे मोजमापांसह हाताने काढलेले चित्र. शेजारी पट्टी ठेवून सरळ वरून फोटोही घेतात, तरी चित्राचा आग्रह सुटत नाही, कारण काढताना जे दिसते ते फोटो घेताना दिसत नाही. तिसरी पायरी पथकप्रमुखाची. त्याने ठशाचे वय सांगावे, दोन माणसांचे माग वेगळे करावेत, हरवलेला माग पुन्हा धरावा आणि नियंत्रण कक्षाला उपयोगी पडेल असा अहवाल द्यावा. त्यावर प्रशिक्षक.

वय सांगण्याची शिकवणी रंजक असते. शिकाऊ माणूस मोकळ्या जागेत स्वतःचा ठसा उमटवतो आणि रोज त्याच वेळी येऊन पाहतो. कड कधी ढासळली, दव कधी बसले, मुंगीची रांग ठशावरून गेली की ठसा मुंग्यांवरून. वर्गात शिकवता न येणाऱ्या या तासांना इंग्रजी बोलीत ‘डर्ट टाइम’ म्हणतात आणि अनेक ठिकाणी पुढच्या पायरीसाठी त्यांची वही दाखवावी लागते.

गुण देऊन परीक्षा घेण्याची सर्वांत काटेकोर पद्धत लिबेनबर्ग यांच्या सायबरट्रॅकर या संस्थेची. १९९४ पासून ती चालू आहे. परीक्षक रानात खुणांभोवती रेघ ओढतो आणि हे काय, असे विचारतो. प्रश्न सोपा, अवघड की अतिअवघड यावर गुणांचे वजन ठरते, आणि ७०, ८०, ९० टक्क्यांना चढत्या श्रेणी मिळतात. ती मुख्यतः वन्यप्राण्यांच्या खुणांसाठी असल्याने बचावपथकांना जशीच्या तशी पुरत नाही. पण चुकीच्या उत्तराची किंमत मोजायला लावणे हा तिचा गुण घेण्याजोगा आहे, कारण शोधकार्यात ‘माग सुटला’ असे वेळीच सांगणारा ट्रॅकर कामाचा, आणि नसलेला ठसा पाहणारा साऱ्या पथकांना भलत्या दरीत उतरवतो.

भारतात. कच्छ व बनासकांठ्याच्या सीमेवर पागींची मदत सुरक्षा दले दीर्घकाळ घेत आली आहेत. १९६५ व १९७१ च्या युद्धांत वाटाड्याचे काम केलेले रणछोडदास रबारी ऊर्फ पागी यांचे नाव सुईगाम भागातील सीमाचौकीला दिलेले आहे. त्यांच्याविषयीचे आकडे मात्र बरेचसे ऐकीव आहेत. सह्याद्रीत हरवलेल्यांच्या शोधासाठी स्थानिक गिर्यारोहक गट महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरमार्फत एकमेकांशी जोडलेले आहेत. त्यांच्या कामात भर दोरकाम, दरीत उतरणे आणि स्ट्रेचरने वर आणणे यांवर राहिला आहे. रान ओळखणारे गावकरी सोबत असतात आणि पुष्कळदा मागही तेच काढतात. भूप्रदेशाचे स्वभाव वेगवेगळे : उन्हाळ्यात पायवाटेवरच्या लाल फुफाट्यात ठसा स्वच्छ उमटतो, पठारावरच्या कातळावर जवळजवळ नाही, आणि पावसाळ्यात उताराच्या वाटेवरचा ठसा एका सरीत जातो. तेव्हा आधी पाहायचा तो भातखाचराचा बांध आणि ओढा ओलांडल्यानंतरची पहिली चार पावले.