सीडी वाजते, पण ती नीट वाचली जाते का?

जुन्या ऑडिओ सीडीतली गाणी कॉम्प्युटरवर घ्यायला बसलेले बरेच जण आधी एकच गोष्ट करतात. विंडोजमध्ये सीडी उघडायची, समोर ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा फायली दिसल्या की सगळ्या सिलेक्ट करून पेनड्राइव्हवर टाकायच्या. दोन सेकंदांत काम फत्ते! मग सीडी बाहेर काढून गाणं लावावं, तर काहीच वाजत नाही. फायलीच्या प्रॉपर्टीज बघितल्या तर प्रत्येक फाइल अवघी ४४ बाइटची. चार मिनिटांच्या गाण्याला सीडीवर सव्वाचार कोटींच्या आसपास बाइट लागतात, ते ४४ बाइटांत मावणार कसे?

त्या ‘सीडीए’ फायली सीडीवर नसतातच. विंडोज आपल्या सोयीसाठी त्या तयार करून दाखवतं, आणि कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढाच मजकूर त्यांत असतो. ऑडिओ सीडीवर फाइल, फोल्डर, फाइलचं नाव यातलं काहीही नसतं. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये तिचं प्रमाण ठरवलं आणि १९८२ मध्ये पहिले प्लेअर बाजारात आले, तेव्हा ही डिस्क कॉम्प्युटरला जोडायची आहे असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ती कानासाठी बनवली होती. सीडीवरची गाणी उतरवून घेताना ज्या काही भानगडी होतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ इथेच आहे.

सीडीवर आवाज साठवला जातो तो सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन, म्हणजे आवाजाच्या लहरीची उंची तितक्या वेळा मोजून. डावा आणि उजवा असे दोन चॅनल, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. (४४,१०० हा आडनिडा आकडा आला व्हिडिओ टेपवरून. त्या काळी डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ रेकॉर्डरच वापरत. चित्राच्या एका ओळीत तीन नमुने, एका फील्डमध्ये, म्हणजे अर्ध्या चित्रात, २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून पाहा.) हे सगळे आकडे सलग एका सर्पिल रेघेत लिहिलेले असतात. रेघ मध्याजवळ सुरू होते आणि बाहेरच्या कडेकडे जाते. दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत चाळीसएक फेरे बसतील. पूर्ण भरलेल्या सीडीवरची ही रेघ उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरते.

रेघेवर सूक्ष्म खड्डे असतात आणि ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर ते वाचतो. खड्डा म्हणजे १ आणि सपाट जागा म्हणजे ०, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं, पण ते बरोबर नाही. खड्डा जिथे सुरू होतो किंवा संपतो ती कड म्हणजे १, आणि दोन कडांमधलं अंतर सांगतं की मध्ये शून्यं किती. त्यामुळे ड्राइव्हचं सारं लक्ष कडांच्या वेळेवर असतं. कड जराशी इकडेतिकडे सरकलेली वाटली, की बाइट चुकलाच.

आणि तो चुकतोच. अगदी नव्या कोऱ्या सीडीवरही वाचनात सतत चुका होत असतात. धुळीचा कण, बोटाचा ठसा, प्लॅस्टिकमधला बुडबुडा, काहीही कारण पुरतं. तरीही सीडी स्वच्छ वाजते, त्याचं श्रेय जातं इर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीला. क्यूआर कोड थोडा फाटला तरी स्कॅन होतो, तो याच गणिताच्या जोरावर.

सीडीत ही पद्धत कशी बसवली आहे ते बघण्यासारखं आहे. आवाजाच्या प्रत्येक २४ बाइटांमागे ८ जादा बाइट लिहिले जातात. ते मूळ बाइटांवरून गणित करून काढलेले असतात, त्यामुळे काही बाइट हरवले तर उरलेल्यांवरून ते परत काढता येतात. पण एवढ्यावर भागत नाही. ओरखडा एक-दोन बाइट खाऊन थांबत नाही, सलग शेकडो बाइट गिळतो. म्हणून लिहितानाच शेजारशेजारचे बाइट एकमेकांपासून लांब पांगवले जातात. एका गटातले बाइट रेघेवर १०९ चौकटींमध्ये (एक चौकट म्हणजे असे २४ अधिक ८ बाइट बसतील एवढा तुकडा) विखुरतात, म्हणजे डिस्कवर जवळजवळ दोन सेंटिमीटर लांबीत. एखाद्या जागी खोल चरा पडला तर प्रत्येक गटातला एखाददुसराच बाइट जातो, आणि तेवढा भरून काढणं गणिताच्या आवाक्यात असतं. रेघेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर सलग जागा गेली तरी मूळ बाइट जसेच्या तसे परत मिळतात. अंदाज नाही, तंतोतंत तेच.

त्याहून मोठं नुकसान झालं की मात्र प्लेअर वेगळा डाव खेळतो. हरवलेल्या नमुन्याच्या आधीचा आणि नंतरचा नमुना घेऊन त्यांच्या मधली किंमत तो स्वतःच ठरवतो आणि वाजवून मोकळा होतो. तेही जमलं नाही तर क्षणभर आवाज बंद करतो. ऐकणाऱ्याला यातलं बहुतेक काही कळत नाही, आणि प्लेअर बनवणाऱ्यांना तेच हवं होतं. गाणं ऐकताना हजारातला एक नमुना अंदाजाने भरलेला असला तर कुणाचं काय बिघडलं?

गाणं फाइलमध्ये उतरवताना बिघडतं. अंदाजाने भरलेला नमुना फाइलमध्ये पक्का होऊन बसतो, आणि तो खरा की बनवलेला हे नंतर ओळखायला काही साधन उरत नाही. तेव्हा ‘सीडी तर छान वाजते’ हा काही ती नीट उतरल्याचा पुरावा नव्हे. साध्या मीडिया प्लेअरची ‘रिप’, म्हणजे गाणी उतरवून घेण्याची, सोय बहुतेक वेळा एकदाच वाचते आणि ड्राइव्ह देईल ते मुकाट्याने लिहून घेते. डिस्क चांगली असेल तर त्यात वावगं काही नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या, हाताळलेल्या डिस्कवर मात्र माझा त्यावर भरवसा नाही.

म्हणून या कामासाठी वेगळी सॉफ्टवेअर आहेत. विंडोजवर ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’, लिनक्सवर ‘सीडीपॅरानोइया’. दुसऱ्याच्या नावातच त्याचा स्वभाव आहे (‘पॅरानोइया’ म्हणजे संशयाचं वेड): ते ड्राइव्हच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. तोच भाग पुन्हा वाचतं आणि दोन्ही वाचनं ताडून बघतं. जुळली नाहीत तर पुन्हापुन्हा वाचतं. यातही एक खोच आहे. ड्राइव्ह नुकतंच वाचलेलं आपल्या मेमरीत धरून ठेवतो आणि पुन्हा विचारलं की डिस्ककडे न बघता तेच उत्तर पुढे करतो. त्यामुळे सॉफ्टवेअरला मध्येच दुसराच भाग वाचायला लावून ती मेमरी रिकामी करून घ्यावी लागते. शेवटी एक लॉग, म्हणजे वाचनाची नोंदवही, मिळतो. अमुक ट्रॅकमध्ये अमुक वेळी वाचन संशयास्पद, असं त्यात लिहिलेलं असतं. तो लॉग गाण्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवावा, आणि संशयाची जागा हेडफोन लावून एकदा ऐकावी.

पण दोन्ही वेळा ड्राइव्ह सारखाच चुकला तर? त्यावर उपाय आहे इतरांच्या वाचनाशी ताळा करण्याचा. ‘अॅक्युरेटरिप’ नावाच्या डेटाबेसमध्ये जगभरच्या लोकांनी उतरवलेल्या ट्रॅकच्या चेकसम साठवलेल्या आहेत. चेकसम म्हणजे ट्रॅकच्या सगळ्या बाइटांवरून गणित करून काढलेला छोटा ताळ्याचा आकडा. तुमच्या ट्रॅकची चेकसम अनोळखी माणसांच्या वेगवेगळ्या ड्राइव्हवर निघालेल्या चेकसमशी जुळली, तर एकही बिट चुकलेला नाही असं मानायला हरकत नाही. मात्र त्याआधी ड्राइव्हचा ‘ऑफसेट’ दुरुस्त करावा लागतो. ऑडिओ सीडीवर जागेचा पत्ता सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंतच दिलेला असतो, आणि तेवढ्या भागात ५८८ नमुने असतात. त्यामुळे प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह काही नमुने अलीकडे किंवा पलीकडे वाचायला सुरुवात करतो. कानाला फरक शून्य, चेकसम मात्र पूर्ण वेगळी येते.

आता डिस्ककडे बघू. चकचकीत बाजूला ओरखडा दिसला की जीव हळहळतो, पण ती बाजू त्यातल्या त्यात दणकट. माहितीचा थर १.२ मिलिमीटर जाड पॉलिकार्बोनेटच्या पलीकडे असतो. लेसरचा झोत या पृष्ठभागात शिरताना पाऊण मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि खड्ड्यांपाशी पोहोचेपर्यंत दोन मायक्रॉनच्याही आत येतो, त्यामुळे बारीक ओरखडे त्याला जवळपास दिसतच नाहीत. खरी नाजूक बाजू म्हणजे नाव छापलेली. तिथे अॅल्युमिनियमचा पातळ थर आणि त्यावर लाखेचा मुलामा, एवढंच संरक्षण. त्या बाजूने खरवडलं तर खड्ड्यांसकट थर निघून येतो. डिस्क दिव्यासमोर धरून बघा: सुईने टोचल्यासारखे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथली माहिती गेली, ती पॉलिश करून परत येत नाही.

पुसायची ती मऊ, कोरड्या किंवा किंचित ओल्या कापडाने, आणि मध्याकडून कडेकडे सरळ. गोल फिरवून पुसताना चरा पडला तर तो रेघेच्याच दिशेने पडतो, आणि वर सांगितलेली अडीच मिलिमीटरची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. आडवा चरा प्रत्येक फेरीत थोडासाच खातो. टूथपेस्टने घासायचा उपाय पुष्कळ जण सांगतात. ती सौम्य अपघर्षक असल्याने कधीकधी चालतोही, पण तो शेवटचा. त्याआधी वाचनाचा वेग कमी करून बघा आणि दुसरा ड्राइव्ह लावून बघा. एक ड्राइव्ह जिथे हात टेकतो तिथे दुसरा सहज पुढे जातो, हे नेहमीचं आहे.

घरी ‘बर्न’ केलेल्या डिस्क कारखान्यातल्या डिस्कपेक्षा आधी उतरवून घ्याव्यात. सीडी-आरमध्ये खड्डे नसतात. सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसरने डाग पाडलेले असतात, आणि हा रंग ऊन, उष्णता, दमट हवा यांनी विटतो. वर चिकटवलेल्या कागदी लेबलाचा गोंद आणि काही मार्करमधलं विद्रावक यांनीही नुकसान होतं. लेबल चिकटलेलंच असेल तर काढायला जाऊ नका, त्याच्याबरोबर परावर्तक थर सोलून येईल.

फाइलचा प्रकार कुठला, यावर वाद घालायला लोकांना आवडतं. मला त्यात वाद दिसत नाही. एकदा मेहनत करून खरे बिट मिळवले असतील तर ते ‘फ्लॅक’ या, आवाज न बिघडवता दाबून ठेवणाऱ्या, प्रकारात ठेवावेत. जागा निम्म्याच्या आसपास वाचते, एकही बिट हरवत नाही, आणि मूळ आवाजाची चेकसम फाइलच्या आतच असते, त्यामुळे दहा वर्षांनी फाइल खराब झाली का हे एका आदेशात कळतं. फोनसाठी एमपीथ्री हवी तर ती फ्लॅकवरून केव्हाही करता येते. उलटा प्रवास नाही. गाण्यांची नावं बहुतेक सीडींवर नसतात. सॉफ्टवेअर ट्रॅकची संख्या आणि लांबी बघून ‘म्युझिकब्रेन्झ’सारख्या डेटाबेसमधून नावं आणतं. तिथे नसतील तर कव्हर बघून टाइप करणं आलं.

कागदपत्रं आणि फोटो असलेली डेटा सीडी हा सगळा निराळा मामला. ७४ मिनिटांच्या डिस्कवर आवाजाचे ७८ कोटी बाइट मावतात, डेटाचे मात्र ६८ कोटीच. उरलेली जागा पत्ते आणि चुका सुधारण्याची आणखी एक पातळी यांना जाते, कारण हिशेबाच्या आकड्यांत अंदाजपंचे किंमत भरून चालत नाही. त्यामुळे इथे ड्राइव्ह खोटं बोलत नाही. वाचता आलं नाही तर तसं सांगतो आणि कॉपी तिथेच अडते. अशा वेळी फायली एकेक करून ओढत बसू नये. ‘डीडीरेस्क्यू’ नावाच्या सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची आयएसओ प्रतिमा, म्हणजे एकाच फायलीतली हुबेहूब नक्कल, घ्यावी. ते आधी सोपे भाग भराभर वाचून घेतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि मग मागे येऊन त्यांच्याशी झटतं. कुठले सेक्टर (डिस्कवरचे ठरावीक मापाचे तुकडे) मिळाले आणि कुठले राहिले याचा नकाशा वेगळ्या फायलीत राहतो. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तोच नकाशा दिला, की फक्त राहिलेल्या जागांवर काम सुरू होतं. एवढं करूनही एखादा २,०४८ बाइटचा सेक्टर मिळाला नाही, तर तो कुठल्या फायलीत पडतो ते शोधावं. साध्या मजकुरात तेवढाच तुकडा गळतो. जेपेग फोटोत मात्र त्या जागेपासून खालचं चित्र सहसा सरकतं किंवा त्याचे रंग बिघडतात.