हजारी विडीची मजुरी आणि मालकाची जबाबदारी: पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात बायका कारखान्यातून पान, तंबाखू आणि दोरा घरी आणतात, विड्या वळतात आणि माल परत पोचवतात. मजुरी हजार विड्यांमागे ठरते. किमान वेतन कायद्याची खरी परीक्षा अशा कामात होते, कारण इथे ना हजेरीपट ना पाळी.

कायद्याला हे काम अगदी सुरुवातीपासून माहीत होतं. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या मूळ अनुसूचीतच विडीसह तंबाखू उद्योग होता आणि मालकाचा माल घरी नेऊन काम करणाऱ्यांनाही कामगार मानलं होतं. तरी मजुरी बुडत राहिली, ती मधल्या ठेकेदारामुळे. कारखानदार म्हणे, ही बाई ठेकेदाराची. आणि ठेकेदाराकडून वसूल तरी काय करणार? म्हणून १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. ठेकेदारामार्फत काम करवून घेणारा मुख्य मालकही त्याने जबाबदार धरला. कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला.

मजुरी कापली जाते ती बहुतेक दरात नव्हे, मापात. पान कमी किंवा खराब दिलं की तूट बाईच्या पदरची. ‘छाट’ म्हणून विड्या बाजूला काढल्या की त्यांची मजुरी गेली. १९६६ च्या कायद्याने कच्चा माल, नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी या तिन्ही तंट्यांसाठी निवाड्याची सोय केली, ती याचसाठी.

‘परवडत नाही’ ही सबबही चालत नाही. किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत पाहायची नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं आहे. मूळ दर जास्तीत जास्त पाच वर्षांनी सुधारायचा असतो. महागाईचा विशेष भत्ता महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी बदलतो आणि तो ज्या महागाई निर्देशांकावर ठरतो, त्यासाठी बाजारभाव गोळा करण्याचं सोलापूर हे एक केंद्र आहे. मूळ दराची सुधारणा रखडली, तर नुसत्या भत्त्याने ती भरून निघत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याच्या जागी वेतन संहिता, २०१९ लागू झाली. दावा करायची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षांवर गेली. मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. त्यामुळे दिलेल्या पानाचं वजन, घेतलेल्या विड्या, छाट आणि दर यांची रोजची नोंद कामगाराच्या पुस्तकातही हवी, फक्त कारखान्याच्या वहीत नको.