चकचकीत स्क्रू हाडाला धरवत नाही

आईच्या खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात घालायचा टायटॅनियमचा स्क्रू, बसवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले कॅप, म्हणजे वरचा खोटा दात, दोन महिन्यांनी. आईचं म्हणणं, स्क्रू घट्ट बसलाय ना, मग थांबायचं कशाला? प्रश्न बरोबरच आहे. पण ही सुरुवातीची पकड भिंतीतल्या खिळ्यासारखी, नुसती दाबून बसलेली. स्क्रूला टेकलेलं जुनं हाड शरीर आधी थोडं खाऊन टाकतं आणि मग तिथे नवीन भरतं, त्यामुळे दोन-चार आठवड्यांनी पकड उलट जरा कमीच होते.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनचे संशोधक ब्रानेमार्क यांना १९५०च्या दशकात कळलं, तेही अपघाताने, हाडाच्या आत काय चाललंय ते बघायला सशाच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा चेंबर परत काढायला गेले तर निघेचना! १९६५ मध्ये पहिल्या पेशंटच्या जबड्यात इम्प्लांट बसलं. तेव्हाचे स्क्रू लेथवर कापलेले, तसे गुळगुळीतच, म्हणून खाली ३ महिने आणि वर ६ महिने थांबायचं, कारण वरच्या जबड्याचं हाड जास्त पोकळ.

हे थांबणं कमी व्हावं म्हणून आता स्क्रू खडबडीत करतात, त्यावर आधी बारीक कणांचा जोरात मारा करतात, मग ॲसिडमध्ये बुडवतात. आई ऐकून म्हणाली, म्हणजे पाट्याला टाकी लावतात तसंच की! अगदी तसंच, फक्त इथला खडबडीतपणा एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

खरी गंमत रक्ताच्या गुठळीत आहे. स्क्रू आत गेला की त्यावर रक्त गोठतं, त्यात फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात, त्या धाग्यांना धरून हाड बनवणाऱ्या पेशी सरपटत येतात आणि येताना धागे ओढतात, पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर धागे तिथून सुटतात, मग हाडाला भोकाच्या कडेपासून स्क्रूकडे वाढत यावं लागतं. खडबडीत असेल तर धागे टिकतात, पेशी थेट स्क्रूपर्यंत पोचतात आणि तिथूनच हाड बनायला लागतं. म्हणजे दोन्हीकडून काम सुरू.

मग अजून खरखरीत का नाही करत? कारण बॅक्टेरियालाही अशीच जागा आवडते. हिरडीजवळ हा भाग उघडा पडला तर थर साचतो आणि साफ करता करता नाकी नऊ येतात, म्हणून बऱ्याच इम्प्लांटची हिरडीतली कॉलर मुद्दाम गुळगुळीत ठेवतात.

शिवाय टायटॅनियम हवेत पडून राहिलं की त्यावर कार्बनचा बारीक थर बसतो आणि पाणी, रक्त नीट पसरत नाही. त्यामुळे काही इम्प्लांट तर सलाईनमध्ये बुडवलेलेच पॅक होऊन येतात, लोणच्यासारखे.