दोन भोपळे आणि नाबाद १२७

३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, महिला एकदिवसीय विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, जेमिमा रॉड्रिग्सने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि भारताने ३३९ धावांचे लक्ष्य नऊ चेंडू राखून गाठले. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये इतके मोठे लक्ष्य तोपर्यंत कोणत्याही संघाने गाठले नव्हते. हीच जेमिमा त्याच्या अकरा दिवस आधी, इंदूरला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात, संघाबाहेर होती. विश्वचषकातील तिच्या पहिल्या चार डावांत ०, ३२, ० आणि ३३ अशा धावा झाल्या होत्या, आणि तिच्या जागी जादा गोलंदाज खेळवण्यात आला होता.

ठाण्याहून नेरुळकडे जाणाऱ्या लोकलमध्ये त्या पंधरवड्यात दुसरा विषयच नव्हता. भारत सलग तीन सामने हरला तेव्हा, रबाळे येईपर्यंत निम्मा संघ बदलून झालेला असे. उपांत्य सामन्यानंतरच्या सकाळी माझ्या रोजच्या सोबत्यांपैकी एक काका समाधानाने म्हणाले, “बघा सर, बाहेर बसवले तेव्हा कुठे ताळ्यावर आली.” मी संख्याशास्त्र शिकवतो, आणि हे वाक्य मला कित्येक दिवस स्वस्थ बसू देत नव्हते, कारण ते ऐकायला अगदी पटण्यासारखे आहे आणि तरीही त्यामागचा पुरावा फार तोकडा आहे.

याची परीक्षा मी योगायोगाने त्याच दिवाळीच्या सुट्टीत करून पाहिली होती. घोडबंदर रोडच्या आमच्या घरी भाची राहायला आली होती. ल्युडोच्या डब्यातले दोन फासे घेऊन आम्ही एक फलंदाज तयार केला. फासे एकत्र टाकायचे. दोन्हींवर सहा आले तर फलंदाज बाद, नाहीतर एक धाव. दोन्हींवर सहा येण्याची शक्यता ३६ मध्ये एक असल्यामुळे या फलंदाजाची खरी सरासरी बरोबर ३५ असते. त्याला ना फॉर्म आहे, ना दडपण, ना दुखापत. चकलीचे ताट बाजूला सारून भाचीने जमिनीवर बसून फासे टाकले आणि मी वहीत रेघा ओढत गेलो. पाच डावांत धावा झाल्या ११, ३, ७८, १९ आणि ६. सरासरी २३.४. वहीवर बोट ठेवून ती म्हणाली, “मामा, याला काढून टाक.”

तिला काढून टाकावासा वाटलेल्या त्या फलंदाजात काहीही बिघडलेले नव्हते. ३५ च्या सरासरीचा असा फलंदाज दर चार डावांपैकी साधारण एका डावात दहाच्या आत बाद होतो, आणि त्याचे निम्मे डाव २५ धावांच्या आत संपतात. सरासरी उचलून धरतात ते थोडेसे मोठे डाव. पाच डावांची सरासरी २० च्याही खाली जाण्याची शक्यता सहात एक आहे. अशा अगदी एकसारख्या सात फलंदाजांचा संघ घेतला, तर पाच डावांनंतर त्यांपैकी किमान एक जण २० च्या खाली गेलेला असण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास निघते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक मालिकेत एखादा बळी देण्याजोगा फलंदाज सापडणारच, जरी सातही जणांच्या कौशल्यात कणभरही फरक नसला तरी.

खरे क्रिकेट फाशांसारखे नसते, हा आक्षेप रास्त आहे. खेळपट्टीवर नुकता आलेला फलंदाज जम बसलेल्या फलंदाजापेक्षा लवकर बाद होतो, त्यामुळे प्रत्यक्षात भोपळे फाशांपेक्षा जास्तच असतात. तरीही १९४५ मध्ये जी. एच. वुड यांनी ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवले होते की फलंदाजांच्या धावा ढोबळमानाने भूमिती श्रेढीने, म्हणजे दर पायरीला ठरावीक प्रमाणात घटत, विरळ होत जातात, आणि आमच्या फाशांच्या धावाही तशाच विरळ होतात.

इतके यश-अपयश नशिबावर का सोपवलेले असते, याचे उत्तर चेंडू आणि डोळा यांच्यात आहे. एका क्रीजपासून समोरच्या क्रीजपर्यंतचे अंतर सुमारे १७.७ मीटर. ताशी १२० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू ते साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेची हालचाल टिपून दाखवले की फलंदाज चेंडूवर सतत नजर ठेवतच नाही. हातातून सुटताना तो चेंडू पाहतो, मग त्याची नजर टप्पा पडेल त्या जागेवर चेंडूच्या आधी उडी मारते, आणि ही उडी चांगल्या फलंदाजाची लवकर पडते. दिसलेल्या नव्या गोष्टीनुसार फटक्यात बदल करायला माणसाला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. टप्प्यानंतर शेवटच्या काही मीटरांत चेंडू वळला किंवा खाली राहिला, तर उत्तम फलंदाजालाही तो बदल वेळेत गाठता येत नाही. बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटीमीटर. बॅटच्या मध्यापासून चेंडू पाच सेंटीमीटर सरकला की कड लागते, त्याहून थोडा अधिक सरकला की बॅट चुकते आणि फलंदाज अनेकदा वाचतो. एकाच कौशल्याच्या फलंदाजाला एक दिवस चौकार आणि दुसऱ्या दिवशी स्लिपमध्ये झेल मिळतो, तो या अंतरामुळे.

मग खरी सरासरी कळायला किती डाव लागतात? एका डावातील धावांचा विखुरलेपणा जवळजवळ सरासरीइतकाच असतो, हे धरून गणित केले, तर ३५ आणि ४५ अशा सरासरींतला फरक बऱ्यापैकी खात्रीने ओळखायला ५० ते ८० डाव लागतात. डॉन ब्रॅडमन यांची संपूर्ण कसोटी कारकीर्द ८० डावांची होती. पाच डावांवरून न्याय करणारा प्रेक्षक काहीच पाहत नाही असे माझे म्हणणे नाही. पण तो जे पाहतो त्यातला बहुतांश भाग फाशांचा असतो.

आता काकांच्या “ताळ्यावर आली” या वाक्याकडे वळतो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये पालक आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करून दाखवले की फार उंच आईवडिलांची मुले सरासरीच्या जवळ सरकतात. मोजमापात योगायोगाचा वाटा असला की टोकाच्या नोंदीनंतरची नोंद बहुधा मध्याकडे परतते. फलंदाजाला आपण वगळतो तेव्हाच, जेव्हा त्याची कामगिरी टोकाला खाली गेलेली असते. साहजिकच पुढचे डाव बहुधा बरे होतात, मग त्याला बाहेर बसवा, समजूत काढा किंवा काहीच करू नका. आमच्या भाचीने सहाव्या डावाआधी ल्युडोच्या डब्यातले फासे बदलून सापशिडीचे घेतले. त्या डावात ५२ धावा झाल्या आणि नवे फासे चांगले आहेत यावर ती दिवसभर ठाम राहिली. जेमिमा परतल्यावर न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ आणि मग नाबाद १२७ खेळली. बाहेर बसण्याचा तिच्या मनावर परिणाम झालाही असेल, पण धावांचे आकडे तसे सिद्ध करू शकत नाहीत. अंतिम सामन्यात ८७ धावा करणारी शफाली वर्मा मूळ संघात नव्हती, प्रतिका रावल जखमी झाल्यावर ती आली. त्या एका डावावरून मूळ निवड चुकली होती असे म्हणणाऱ्यांचाही दोष तोच आहे.

निवड करणाऱ्यांनी हातावर हात ठेवून ८० डाव वाट पाहावी, असा याचा अर्थ नाही. धावांपेक्षा बाद होण्याची रीत लवकर बोलते. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात विराट कोहलीने नऊ डावांत १९० धावा केल्या, सरासरी २३.७५. कसोटीत ४७ च्या जवळ सरासरी असलेल्या फलंदाजाची एवढी घसरण नुसत्या योगायोगातही बसू शकते. मात्र तो आठ वेळा बाद झाला आणि आठही वेळा चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या किंवा स्लिपच्या हातात गेला. हे एखाद-दुसऱ्या डावाचे नशीब नव्हे. ऑफ-स्टंपबाहेरचा चेंडू खेळायचा की सोडायचा, या एका निर्णयाकडे ते बोट दाखवते, आणि तो निर्णय चित्रफितीत चेंडूगणिक तपासता येतो, त्यासाठी नऊ डावही पुरतात.