मॉरिस मायनरच्या पुढच्या चाकामागचं घराणं

ब्रिटनमध्ये मॉरिस मायनर रोज रस्त्यावर काढणारी माणसं आजही आहेत. त्यांच्यापैकी कुणी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचं मनावर घेतलं की मॉरिस मरिनाचं नाव निघतंच. मायनर १९४८ ची, मरिना १९७१ ची. मध्ये तेवीस वर्षांचं अंतर असूनही मरिनाचे भाग मायनरच्या अंगाला लागतात, कारण दोघींच्या पुढच्या सस्पेन्शनचं मूळ एकच आहे. या फेरफाराला जुन्या गाडीची मोडतोड म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. कारखान्यानेच तीस वर्षं हेच केलं होतं.

गोष्ट सुरू होते महायुद्धाच्या काळात, ऑक्सफर्डजवळच्या काउलीतल्या मॉरिस कारखान्यात. स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरमध्ये जन्मलेला ॲलेक इसिगोनिस तिथे ‘मॉस्किटो’ या सांकेतिक नावाने एका छोट्या गाडीचा आराखडा करत होता. जोडीला माणसं मोजकी. त्यांतला जॅक डॅनियल्स इसिगोनिसची चित्रं प्रत्यक्ष भागांत उतरवायचा. चाकं १४ इंची, त्या काळाच्या मानाने अगदी लहान, आणि गाडीच्या चार कोपऱ्यांकडे ढकललेली. पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारी, स्टिअरिंग रॅक-पिनियनचं, म्हणजे दातेरी पट्टीवर फिरणाऱ्या दातेरी चाकाचं. मॉरिस कंपनीचे संस्थापक लॉर्ड नफिल्ड यांना हे रूप आवडलं नाही, त्यांनी तिला ‘पोच्ड एग’, म्हणजे पाण्यात फोडून शिजवलेलं अंडं म्हटलं. इसिगोनिसलाही अगदी शेवटी ती अरुंद वाटली. त्याने नमुना-गाडी मधोमध उभी कापली आणि दोन्ही अर्धी चार इंच लांब सरकवून पाहिली. तेच माप कायम झालं. सुरुवातीच्या मायनरच्या बॉनेटवर मधोमध जी उंचवट्याची पट्टी दिसते, ती या चार इंचांची. आधीच तयार झालेले बंपरही मधून कापून, तुकडा घालून जोडले गेले. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली.

पुढच्या सस्पेन्शनला इसिगोनिसने कॉइल स्प्रिंग घेतली नाही, टॉर्शन बार घेतला. १९३४ च्या सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हाँमध्ये टॉर्शन बार होते आणि त्या गाडीचा त्याच्यावर प्रभाव होता. टॉर्शन बार म्हणजे पोलादी सळई. तिचं पुढचं टोक चाकाच्या खालच्या आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला, मागचं टोक गाडीच्या तळाखालच्या आडव्या तुळईला घट्ट. चाक वर उचललं की सळईला पीळ बसतो, आणि पीळ सुटू पाहतो तेव्हा चाक परत खाली येतं. जागा कमी लागते, आणि वजन उचलणारा जोर मागे, जिथे गाडी भक्कम आहे तिथे जातो. दोन्ही टोकांना दाते असतात. मागचा आर्म एखादा दात फिरवून बसवला की गाडीची उंची बदलते. वेल्डिंग नाही, नवा भाग नाही. फक्त डाव्या-उजव्या सळयांची अदलाबदल करायची नाही, कारण प्रत्येकीला एकाच दिशेने पीळ खायची सवय लावलेली असते.

सळईचं एक गणित फेरफार करणाऱ्याने मनात पक्कं ठेवावं असं आहे. तिचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी १० टक्क्यांनी वाढवली तर ताठपणा ४६ टक्क्यांनी वाढतो. डोळ्याला जेमतेम जाणवणारा जाडीतला फरक रस्त्यावर मात्र पाठीच्या कण्याला कळतो. ‘जरा जाड बार टाकू’ असं सहज म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच आधी थांबायला सांगतो.

वरचा आर्म तर आणखी काटकसरीचा. त्या काळी बऱ्याच गाड्यांचे शॉक-ॲब्सॉर्बर आजच्यासारखे नळीचे नव्हते. तेलाने भरलेला एक ओतीव डबा आणि त्यातून बाहेर आलेला दांडा, असं त्यांचं रूप होतं. मायनरमध्ये तो दांडाच वरचा सस्पेन्शन आर्म आहे. एका भागात दोन कामं झाली, पैसे वाचले. पण शॉक झिजून त्याचा दांडा डुगडुगायला लागला की गाडी नुसती उसळत नाही, चाकाचा कोनही बिघडतो.

आणि मग खालचा सांधा. मायनरच्या पुढच्या चाकाजवळ गुडघे टेकून, हात आत घालून पाहा. चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिच्या टोकाला बोल्टसारखे आटे असतात आणि ती पोलादी ठोकळ्यात फिरते. हा ट्रनियन. त्याच्या निपलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या छोट्या तोंडावर, ग्रीस-गन लावून दाबत राहिलं की आधी काळं, वाळूसारखं किरकिरणारं जुनं ग्रीस कडेने बाहेर येतं आणि बऱ्याच दाबांनंतर स्वच्छ ग्रीस दिसतं. स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं नाही. ग्रीसशिवाय आटे झिजतात, पिन ठोकळ्यातून ओढली जाते आणि चाक गाडीखाली मुडपतं. हे बहुधा गाडी हळू असताना, वळताना होतं, म्हणून माणसं वाचतात. मायनरचं नाव काढलं की जुनी मंडळी आधी ट्रनियनचीच चौकशी करतात.

सुरुवातीला ही गाडी ९१८ सीसीच्या, साडेसत्तावीस अश्वशक्तीच्या इंजिनवर चालायची. ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन १९५२ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) झाली आणि मायनरला ऑस्टिनचं ८०३ सीसीचं ए-सिरीज इंजिन मिळालं. १९५६ ला ९४८, १९६२ ला १०९८ सीसी. पुढचे ड्रम सात इंचांवरून आठ इंचांवर गेले ते या शेवटच्या बदलाबरोबर. सस्पेन्शनची रचना मात्र तीच राहिली. हे मी त्या रचनेचं कौतुक म्हणून सांगतो.

घराणं वाढलं ते १९५७ मध्ये. मायनरची जागा घेण्यासाठी म्हणून जी गाडी आखली होती, ती रायली वन-पॉइंट-फाइव्ह आणि वूझली १५०० या दोन नावांनी आली. तळ मायनरचा, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, तोच ८६ इंचांचा, पुढे तेच टॉर्शन बार. पण इंजिन १४८९ सीसीचं, जड आणि ताकदवान बी-सिरीज. साहजिकच ब्रेक मोठे लागले. मागच्या एक्सलचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे किती फेरे, ३.७३ होतं, तर १०९८ सीसीच्या मायनरचं ४.२२. ऑस्ट्रेलियात याच तळावर मॉरिस मेजर आणि ऑस्टिन लान्सर निघाल्या. गंमत अशी की वारसदार म्हणून आलेल्या या गाड्या १९६५ मध्ये थांबल्या आणि मायनर त्यांच्यानंतरही चालू राहिली. मायनरच्या हौशी मालकांना भंगारात त्यांचे ड्रम आणि एक्सल मिळू लागले, आणि ते कुठे बसतात हे शोधायला फार अक्कल लढवावी लागली नाही.

इथे एक सावधगिरी. एका कंपनीचं म्हणजे एका घराण्याचं असं नसतं. १९५८ च्या ऑस्टिन-हीली स्प्राइटने मायनरचं रॅक-पिनियन स्टिअरिंग उचललं, पण पुढचं सस्पेन्शन ऑस्टिन ए-३५ चं घेतलं. तिची बहीण एमजी मिजेट. मिजेटचं १२७५ सीसी इंजिन मायनरमध्ये बसतं, कारण ते ए-सिरीजच आहे, आणि अनेकांनी ते बसवलंही. मिजेटचे पुढचे पाय मात्र वेगळ्या घरचे. इंजिन जुळलं म्हणून सस्पेन्शन जुळेल असं धरून चालणाऱ्याचा इथे खोळंबा होतो. आणि खरं तर या इंजिनामुळेच ब्रेकचा प्रश्न उभा राहिला. पळायची ताकद वाढली, थांबायची तेवढीच राहिली.

उत्तर मरिनाकडे होतं. १९६८ मध्ये बीएमसी लेलँडमध्ये मिसळून ब्रिटिश लेलँड झाली तेव्हा फोर्ड कॉर्टिनाला तोंड देणारी गाडी तिला घाईने हवी होती. रेखाटन रॉय हेन्सचं. तो फोर्डमधूनच आला होता. नवं सस्पेन्शन घडवायला वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून मायनरची मांडणी पुढे चालवली: टॉर्शन बार, दांड्याचे शॉक, खाली ट्रनियन. मोठ्या १.८ लिटर इंजिनाखाली ती सुरुवातीला कमी पडली. पत्रकारांना चाचणीसाठी दिलेल्या गाड्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी सरळ जाऊ पाहत होत्या आणि कंपनीला पुढच्या सस्पेन्शनमध्ये लवकरच दुरुस्ती करावी लागली. मरिनाची बदनामी तिथून सुरू झाली. पण तिच्या बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या चाकांना डिस्क होत्या, आणि त्या मायनरच्याच ओळखीच्या सांगाड्यावर बसलेल्या होत्या. थोडं मशिनिंग आणि काही जोडभाग वापरून त्या मायनरवर आणता येतात हे कारागिरांनी जाणलं.

मरिना ब्रिटनमध्ये आठ लाखांच्या आसपास विकल्या गेल्या. त्या भराभर भंगारात गेल्या आणि त्यांचे ब्रेक मायनरखाली आले. आज ब्रिटनच्या रस्त्यावर मायनर सहज दिसते, मरिनासाठी शोध घ्यावा लागतो.

शॉकच्या बाबतीत मागची बाजू सोपी. तिथे पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत, दांड्याचा शॉक काढून नळीचा बसवला की काम झालं. पुढे तसं नाही, कारण शॉक काढला तर वरचा आर्मच जातो. म्हणून जुना डबा जागेवर ठेवतात, त्याचा व्हॉल्व्ह काढून त्याला नुसता बिजागरीसारखा वापरतात आणि शेजारी नळीचा शॉक लावतात.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाड्यांना मे २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसावा. सस्पेन्शनचा प्रकार बदलणं हा मोठा बदल धरला जातो. मात्र ती गाडी कारखान्यात बनत असताना, किंवा उत्पादन थांबल्यावर दहा वर्षांच्या आत लोक जे बदल करत होते, ते चालतात. त्या मुदतीत लोक काय बसवत होते याला म्हणून आता कागदोपत्रीही वजन आलं आहे. आपल्याकडे जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली. तिथेही गाडी मूळ रूपात राखलेली हवी.

आपला या घराण्याशी संबंध नुसता नियमांपुरता नाही. १९४८ च्या त्याच प्रदर्शनात मायनरबरोबर मॉरिस ऑक्सफर्डही होती, पुढे टॉर्शन बार घेऊनच. हिंदुस्तान मोटर्सने तिची ‘हिंदुस्तान १४’ केली, मायनरची ‘बेबी हिंदुस्तान’. ऑक्सफर्डच्या पुढच्या आवृत्तीची लँडमास्टर झाली, आणि १९५६ च्या सिरीज थ्रीची ॲम्बॅसडर, जी उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनत राहिली. आमच्या घरी ॲम्बॅसडर होती. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी वडील मिस्त्रींना एकच विचारायचे, ‘पुढच्या सांध्यांना ग्रीस मारलंत ना?’ त्या प्रश्नाचं मूळ काउलीत आहे हे मला फार उशिरा कळलं.

मायनरला मरिनाच्या डिस्क लावल्या, मागे नळीचे शॉक घातले, १२७५ चं इंजिन बसवलं, तरी खालचा ट्रनियन जिथे होता तिथेच राहतो. त्याचं निपल चाकाच्या आतल्या अंगाला, चिखलाखाली. ग्रीस-गन लावण्याआधी ते चिंधीने पुसून घ्यावं लागतं.